त्या मंगळवारी घरात चौघं होतो

आधी कबूल करून टाकतो. २०१८ सालच्या मार्चमध्ये एका मंगळवारी न्यूझीलंडची जनगणना झाली, आणि आमच्या घरात चार माणसं असताना मी तीन लिहिली. चौथे माझे वडील. त्यांना मी मुद्दाम गाळलं नव्हतं. पण गाळलंय हे लक्षात आल्यावर जे केलं ते मात्र मुद्दामच केलं, आणि दीड वर्ष निभावून नेलं.

त्यातून माझे वडील म्हणजे या बाबतीत गाळण्यासारखे गृहस्थ नव्हेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शिक्षकांना आपल्याकडे जनगणनेचं काम लागतंच, आणि ते टाळण्यासाठी निम्मा स्टाफ डॉक्टरचा दाखला शोधत फिरतो. बाबा उलटे. त्यांना हे काम मनापासून आवडायचं. आंबेगाव तालुक्यात त्यांनी तीन वेळा माणसं मोजली, आणि त्यातली पहिली वेळ १९७१ची. तेव्हा ते तेवीस वर्षांचे, नोकरीत नवे, लग्न व्हायचं होतं. त्या एकाहत्तरचा त्यांना असा काही अभिमान होता की पाहुण्यांना चहाच्या आधी तो मिळायचा.

आई गेल्यावर, २०१२ साली, ते कायमचे आमच्याकडे ऑकलंडला आले. हिल्सबरोला आमचं घर, मी न्यू लिनच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करणारा, बायको एका शाळेच्या ऑफिसात, मुलगी सहा वर्षांची. जुलै महिना होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. बाबा दोन स्वेटर घालून हीटरसमोर बसायचे आणि लॅपटॉपवर मराठी बातम्या बघायचे. तेव्हा भारतात राष्ट्रपतींची निवडणूक चालू होती.

"ये, तुला एक गंमत सांगतो," त्यांनी नातीला बोलावलं. "राष्ट्रपती कोण निवडतं?"

"द क्वीन?" आमची मुलगी. तिला मराठी कळायची सगळी, पण तोंड इंग्रजीतच उघडायचं.

"राणी नाही गं. खासदार आणि सगळ्या राज्यांचे आमदार. पण प्रत्येक आमदाराचं मत सारखं नसतं. आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराचं एक मत म्हणजे एकशे पंचाहत्तर. उत्तर प्रदेशवाल्याचं दोनशे आठ. आणि सिक्कीमवाल्याचं? सात!"

"ओन्ली सेव्हन? आजोबा, दॅट्स सो मीन!"

"मीन नाही. राज्यात माणसं किती, त्यावर ते ठरतं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येनं भागायची, मग हजारानं भागायची. आणि लोकसंख्या कुठली घ्यायची? एकाहत्तरची! ती कुणी मोजली?"

"हू?"

बाबांनी स्वेटरवर बोट ठेवलं.

"ऑल ऑफ इट?"

"सगळी नाही. पण त्यातली थोडी मी."

गंमत म्हणजे हे खरं होतं. तो आकडा सरकारने मुद्दामच गोठवून ठेवला आहे. ज्या राज्यांनी कुटुंबं लहान ठेवली, त्यांचं वजन केवळ तेवढ्यामुळे कमी होऊ नये, असा हिशेब. त्यामुळे माणसं वाढली, गावं सोडून शहरात गेली, आमच्यासारखी थेट समुद्र ओलांडून गेली, तरी राष्ट्रपती निवडताना महाराष्ट्र तेवढाच राहिला, जेवढा बाबांनी आणि त्यांच्यासारख्या हजारो मास्तरांनी एकाहत्तरमध्ये वहीत उतरवला होता. २०१७ला पुन्हा ती निवडणूक आली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. तिने सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठीमागे भागाकार करून उत्तर एकशे पंचाहत्तरच आणलं, आणि बाबांनी तो कागद फ्रिजला लावला. शेजारी कोंबडीच्या सवलतीचा कागद होता. बायको म्हणाली, "बाबा, आपल्या घरात ही एकच वस्तू आहे जिचा भाव वाढत नाही."

एवढं सगळं सांगायचं कारण, अशा माणसाला जनगणनेचं पत्र येणार म्हटल्यावर काय वाटलं असेल, ते तुमच्या ध्यानात यावं.

पत्र आलं. त्यात एक कोड होता आणि फॉर्म ऑनलाइन भरा असं लिहिलं होतं. मी पत्राचा फोटो काढला आणि बाबांना म्हटलं, "मी बघतो." बाबांना "ऑनलाइन" म्हणजे नुसती पूर्वतयारी वाटली. माणूस दारात येणारच, ही त्यांची खात्री. दारात माणूस आल्याशिवाय जनगणना कशी होईल?

मंगळवारी सकाळी मी निघालो तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी दुपारी न्यू लिनच्या मॉलमध्ये सुशी खाता खाता फॉर्म उघडला. घरात आज रात्री कोण कोण असणार? माझं नाव लिहिलं, बायकोचं, मुलीचं. मग प्रत्येकाचे वेगळे प्रश्न. पटापट भरले. शेवटी आभाराचं पान आलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मी स्वतःवर खूश झालो आणि सुशीबरोबरचं उरलेलं आलं सोया सॉसमध्ये बुडवून खाल्लं.

मी तीन का लिहिले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बाबा आम्हाला नकोसे होते असं अजिबात नव्हतं. पण बारा-तेरा वर्षं मी या देशात फॉर्म भरत आलो होतो, आणि पहिली काही वर्षं सोडली तर प्रत्येक फॉर्मात आम्ही तिघं. विमा, पोहण्याच्या तलावाचा पास, शाळा. माझा हातच तीनवर थांबायला शिकला होता. हे कारण आहे. सबब म्हणून ते मी कधीच पुढे केलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तेही केलं. पुढे येईल.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा खुशीत.

"येऊन गेली माणसं," ते म्हणाले. "दोघं होती. काय सभ्य! मी इथला नमस्कार केला, किया ओरा म्हटलं, तीही किया ओरा म्हणाली. सगळी माहिती दिली मी. वय, शिक्षण, भाषा, कुठून आलो, केव्हा आलो. चिवडा दिला. एवढंच की लिहून काही घेत नव्हती. म्हटलं, इकडची पद्धत असेल. जाताना हे पुस्तक देऊन गेली."

मी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर हिरवंगार कुरण, त्यात सिंह आणि कोकरू शेजारीशेजारी बसलेले. देवाचं राज्य लवकरच येणार असं लिहिलं होतं.

मला हसू आवरेना. बायकोलाही आवरेना. "बाबा, अहो ते धर्माचा प्रचार करणारे होते!"

बाबा आधी चपापले, मग तेही हसले. "तरीच! मी संस्कृत येतं म्हटलं तर म्हणाले, दॅट्स वंडरफुल, तुम्ही शांतीच्या शोधात आहात का? म्हटलं, हा कुठला रकाना?"

आम्ही पुन्हा हसलो. हसतच मी म्हणालो, "दारात कुणी येत नाही आता. मी दुपारीच भरून टाकलं ऑनलाइन."

"हो? माझंही?"

त्या क्षणी, तोंडावरचं हसू तसंच असताना, मला ती तीन नावं डोळ्यांसमोर दिसली. तीनच.

"हो बाबा. सगळ्यांचं."

झालं. एवढंच लागतं.

जेवताना त्यांनी उलटतपासणी घेतली. शिक्षण काय लिहिलंस? डी.एड. भाषा? मराठी, हिंदी, इंग्रजी. "संस्कृत?" तेही लिहिलं बाबा. "बरं केलंस." मग आमटी ओरपत ते मुलीला म्हणाले, "मोजायला गेलं की लोक कुणाला विसरतात माहितीये? दोघांना. एक, पाळण्यातलं पोर. दुसरा, आतल्या खोलीतला म्हातारा. म्हणून मी प्रत्येक दारात दोनदा विचारायचो."

"बट हाऊ कॅन यू फर्गेट अ होल पर्सन?" मुलगी म्हणाली.

मी भात वाढून घेतला. मला नको होता.

दुसऱ्या दिवशी फोन करून दुरुस्त करता आलं असतं. मी ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होती, तिसऱ्या दिवशी दुसरं काही, आणि आमच्या घरचा फॉर्म आलाय अशी नोंद झालेली असल्यामुळे पुढे एकही पत्र आलं नाही, कुणी दारही वाजवलं नाही. चूक स्वतःहून आपल्याला शोधत आली नाही की आपण ती फिटली असं धरून चालतो. मी तरी धरलं.

पण बाबा ती विसरू देतील तर ना. काही आठवड्यांनी बातम्या यायला लागल्या की पुष्कळ लोकांनी फॉर्म भरलेलेच नाहीत. बाबा संतापले. आमच्या शेजारच्या घरात पाच जण राहायचे, महाराष्ट्रातून शिकायला आलेले आणि आता इथेच नोकरीला लागलेले. एक गोदामात, एक कॅफेत, दोघी वृद्धाश्रमात, एक टॅक्सी चालवणारा. बाबा एका रविवारी दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी कुंपणाशी हिरवळ कापत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"फॉर्म भरलात का रे?"

"काका, ते आमच्यासाठी नसतं ना? आम्ही अजून रेसिडेंट कुठे झालोय?"

"ज्या रात्री जो इथे झोपला तो इथे मोजायचा! तुम्ही काय झाडावर झोपता?"

"चिल काका. भरतो. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, काही काळजी नको.

"स्वीट नको. आत्ता भरा. मी बसतो."

आणि खरंच बसले. पाच जणांचे फॉर्म डोळ्यांदेखत भरून घेतले. वृद्धाश्रमात काम करणारी एक मुलगी म्हणाली, "काका, तुमचं झालंय ना नक्की? बघू का?"

"माझं पहिल्या दिवशी झालं. माझ्या मुलानं केलंय."

मी हिरवळ कापायचं यंत्र पुन्हा सुरू केलं. कापलेल्याच जागेवरून परत एकदा फिरवलं.

२०१९ साल उजाडलं. आकडे उशिरानेच आले, आणि त्यांच्याबरोबर बाबांच्या जिवाला आनंद देणारी एक बातमी आली: उत्तर बेटाला, म्हणजे आमचं ऑकलंड ज्यात येतं त्या बाजूला, संसदेत एक जागा वाढणार. इथली पद्धत बाबांनी तोवर पाठ केली होती. दक्षिण बेटाच्या जागा सोळा, त्या ठरलेल्या. तिथल्या माणसांना सोळानं भागायचं, आणि जो आकडा येईल तेवढ्या माणसांमागे उत्तर बेटाला एकेक जागा. माणसं वाढली की जागा वाढते. पुकेकोहेच्या बाजूला जिथे कांद्याबटाट्याची शेतं होती तिथे घरांच्या रांगा उठलेल्या आम्ही भाजी आणायला जाताना बघतच होतो. बाबा गाडीतून ती छपरं मोजायचे.

"बघ," ते म्हणायचे. "तिकडे माझा एकाहत्तरचा आकडा दगडासारखा बसलाय. इकडे दर वेळी नवा. नवीन जागेत माझाही एक दाणा आहे. आहे की नाही?"

"आहे बाबा."

"तुझाही आहे म्हणा. पण तू लहान दाणा."

इथल्या मराठी ज्येष्ठांचा एक गट महिन्यातून एका शनिवारी हॉलमध्ये जमतो. व्यायाम, भजन, मग कुणाचं तरी भाषण, मग बटाटेवडे. त्यांनी बाबांना बोलायला सांगितलं. विषय बाबांनीच दिला: माणसं मोजण्यावरून राष्ट्रपतीच्या निवडणुकीत राज्याचं वजन कसं ठरतं, आणि इथे कसं ठरतं. त्यांनी हाताने वीस पानं लिहिली आणि शुक्रवारी दुपारी मला म्हणाले, "मोठ्या अक्षरात टाइप करून दे. मी वाचतो, तू बडव."

मी घरूनच काम करत होतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. बाबा वाचू लागले. राष्ट्रपती, आमदार, भागाकार, एकशे पंचाहत्तर, सिक्कीमचे सात. हे मला तोंडपाठ होतं, बोटं आपोआप चालत होती. मग ते एका पानाशी थांबले.

"हे पान मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "लिही. 'एकाहत्तरला माझ्याकडे डोंगरावरची एक वाडी होती. अकरा घरं. चढण दोन तासांची. मी तिथे गेलो नाही.'"

मी वर बघितलं.

"लिही की. 'त्या दिवशी मला मुलगी बघायला जायचं होतं.'"

"आईला?"

"मग काय दुसरी कुणी? एस.टी. दुपारची एकच. वाडी केली असती तर ती चुकली असती. म्हणून मी खालच्या गावात पोलीस पाटलाकडे बसलो. त्याने वाडीतली माणसं तोंडी सांगितली, मी लिहून घेतली. चहा प्यालो आणि एस.टी. धरली. पुढे दहाएक वर्षांनी त्या वाडीची एक मुलगी माझ्या वर्गात आली. मी सहज विचारलं, तुमच्याकडे अकरा घरं ना गं? म्हणाली, तेरा, गुरुजी. पलीकडच्या अंगाला आमची दोन घरं पहिल्यापासून आहेत. पाटलाचं आणि त्या दोन घरांचं बोलणं नव्हतं, त्यानं ती धरलीच नव्हती."

"दोन घरांनी काय होतंय बाबा? दहा-बारा माणसं. एकशे पंचाहत्तरचे एकशे शहात्तर थोडेच होणार होते?"

"आकड्याला काही होत नाही," बाबा म्हणाले. "ते मीही भागून बघितलंय. पण बाकीची चूक दर दहा वर्षांनी कुणीतरी येऊन पुसतो. ही पुसलीच जात नाही. दर पाच वर्षांनी राष्ट्रपती निवडतात आणि दर वेळी ती दोन घरं नसतात. मी तुमच्यापुढे छाती काढून बसतो, एकाहत्तर मी मोजलं म्हणून, आणि मला ती पोरगी दिसते. उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकणार. त्या घरांची मला माफी मागायची आहे, तिथे तर आता जाता येत नाही."

मी लिहिलं. अक्षरं बरोबर येत होती की नाही, कुणास ठाऊक. बाबांनी पान उलटलं, आवाज पुन्हा नेहमीचा केला.

"शेवटचा परिच्छेद. 'परंतु इथे मी निश्चिंत आहे. या देशाच्या गणनेत मी आहे, कारण माझ्या मुलाने पहिल्याच दिवशी माझी नोंद केली. म्हणून या नव्या जागेत...' अरे, थांबलास का?"

माझे हात टेबलावर होते. उद्या चाळीस माणसांपुढे ते हे वाचणार होते. आपली अठ्ठेचाळीस वर्षांची चूक सांगायची, आणि तिच्या शेजारी माझं खोटं ठेवायचं, तेही कौतुकानं.

"बाबा, हे वाक्य काढा."

"का? जास्त होतंय?"

"तुम्ही त्या फॉर्मात नाही आहात."

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. ते ज्या आवाजात लोकांच्या दारात उभं राहून विचारत असतील, त्या आवाजात विचारलं, "घरात किती लिहिलीस?"

"तीन."

"कोण कोण?"

"मी, ही, आणि आपली पोरगी."

"आणि मी त्या रात्री कुठे होतो?"

"इथेच. आतल्या खोलीत."

ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसू लागले. मी बोलत सुटलो. हात तीनवर थांबायची सवय होती, सुशी खात होतो, घाई होती. शिवाय ज्यांचे फॉर्म आले नाहीत त्यांना सरकारने डॉक्टरकडच्या आणि कराच्या नोंदींवरून शोधून काढलंय, बातमीत होतं, तुमचा डॉक्टर इथलाच, म्हणजे तुम्ही नक्की मोजले गेले असाल, त्या जागेत तुमचा दाणा असणारच बहुतेक.

"असेल," बाबा म्हणाले. "ते सरकारनं केलं. तू काय केलंस?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, हाताला बेसन लागलेलं. तिलाही हे माहीत नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

मी लॅपटॉप बाजूला सारला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"सॉरी बाबा," मी म्हणालो.

"हे तू कोपऱ्यावरच्या दुकानात कुणाला धक्का लागला तरी म्हणतोस."

खरं होतं. मग मी ते नीट म्हणालो, जसं दीड वर्षापूर्वी, सिंह आणि कोकराचं ते पुस्तक हातात असतानाच म्हणायला हवं होतं. "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला विसरलो. तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं होतं, तरी मी हो म्हणालो. तुमच्या संस्कृतबद्दलसुद्धा खोटं बोललो. रोज सुधारता येत होतं, मी सुधारलं नाही, आणि तुम्ही सगळीकडे माझं कौतुक करत होतात ते ऐकून घेतलं. माझी चूक झाली. मला माफ करा."